सगळ्या दारांना भिंती

"पाच मिनिटांत तुम्हाला जुन्या घरात घेऊन जाते!" धाकटीने जाहीर केलं.

जुनं घर पाडून दोन महिने झाले होते. भिंतींना तडे गेलेले, इलाजच नव्हता. त्याच जागेवर धाकटीने, म्हणजे घरातल्या एकुलत्या एका आर्किटेक्टने, नवं घर आखलं होतं. सोमवारी पाया खणायचा होता. पण आई होकार देईना! "छान आहे गं, पण आपलं वाटत नाही," एवढंच म्हणे. का, ते तिलाही सांगता येईना. म्हणून दोन्ही घरं आतून फिरवून दाखवायची, असा बेत.

जुन्या घराचा नकाशा बाबांचा. आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हात बसावा म्हणून त्यांनी स्वतःचंच घर काढलं होतं, अर्ध्या इंचाच्या प्लास्टरसकट! ती फाइल धाकटीने मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, 'भिंती' नावाचा लेयर, म्हणजे नकाशातला भिंतींचा थर, दहा फूट उंच केला आणि लॅपटॉप भाड्याच्या घरातल्या टीव्हीला जोडला.

टीव्हीवर किल्ला उभा राहिला.

दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला नकाशात पाव वर्तुळ काढतात. इथे त्या प्रत्येक पाव वर्तुळाची दहा फुटी भिंत झाली होती. एकूण एक दारं बंद!

"बाबा, तुम्ही सगळं एकाच लेयरवर काढलंत?"

"मग? घर एकच होतं ना!"

"कुलूप लावायचीही गरज नाही," दादा म्हणाला. "चोर बिचारा दमून झोपेल अंगणात."

धाकटीने घराला तीन प्रदक्षिणा घातल्या. आत शिरायला फट मिळेना. आई खुर्चीत पुढे सरकली.

"मागून जा की. स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

"अगं, खिडक्यांच्याही भिंतीच झाल्यात!"

पण त्या खिडकीची नव्हती झाली. त्या एका जागी चक्क भगदाड होतं.

"तिची चौकट आलीच नव्हती तेव्हा," बाबा म्हणाले. "जे नाही, ते मी कसं काढू?"

"शीर आता," आई म्हणाली. "सातवीत शिरायचीस तशी."

धाकटीचे कान तापले. "तुला माहीत होतं?"

"मग आतल्या बाजूला स्टूल काय आपोआप चालत यायचं?"

दादा खो खो हसत सुटला. धाकटी निमूटपणे खिडकीतून आत गेली आणि धाडकन कशावर तरी आपटली. समोर वेड्यावाकड्या भिंतींचं जंगल! तिने वरून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. खोलीच्या मधोमध लिहिलेलं 'स्वयंपाकघर' हे नावही दहा फूट उंच उभं होतं, बाबांच्या अक्षरात.

"शिरोरेघ बघा!" बाबा हरखले. "केसभर वाकडी नाही!"

"आता मागे वळ," आई हळूच म्हणाली. "ओट्यापाशी उभी राहा. बाहेर बघ."

बाहेर नुसतं पांढरं होतं. आई मात्र त्या पांढऱ्यात बराच वेळ पाहत राहिली.

"इथून मागच्या रस्त्याचं वळण दिसायचं. तुम्ही दोघं वळणावर दिसलात की मी दूध तापत ठेवायचे. हे दिसले की चहा." मग एकदम म्हणाली, "तुझ्या नव्या नकाशात ओट्यासमोर शेजाऱ्यांची भिंत येते गं!"

"एवढंच होतं? आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मला तरी कुठे ठाऊक होतं!"

धाकटीने दोन दिवस खपून स्वयंपाकघर मागे नेलं, खिडकी वळणाकडे ठेवली. आईने ताबडतोब होकार दिला. सोमवारी पाया खणायचा, हे पक्कं झालं.

फक्त, स्वयंपाकघराला मागे जागा करायची तर तिथला संडास पुढे आणावा लागला. आता मुख्य दार उघडलं की पाहुण्याला सगळ्यात आधी तोच दिसतो. सोमवारपर्यंत काहीतरी सुचेलच. तोवर धाकटी घरच्यांना नवं घर मागच्या बाजूनेच दाखवते आहे.