इस्त्री करणारा कोण?

दंतवैद्यांच्या लोकरी कोटावर शेवटची इस्त्री फिरवता फिरवता शिंपीदादांनी स्वतःला विचारलं, 'इस्त्री करणारा कोण?'

प्रश्न अध्यात्माच्या अभ्यासवर्गाच्या बाईंनी दिला होता. काही करताना, कुणाला उत्तर देताना आधी आत वळायचं, करणारा कोण ते शोधायचं, मगच पुढे जायचं. दादांनी हे इतकं मनावर घेतलं होतं, की 'भाजी कुठली करू?' असं बायकोने सकाळी विचारलं तर उत्तर जेवण झाल्यावर मिळे.

हात म्हणजे मी नव्हे. मन म्हणजेही मी नव्हे. दादा डोळे मिटून छान खोल उतरले. इस्त्री मात्र होती तिथेच राहिली.

धूर निघाला आणि नेमके दंतवैद्य दारात आले. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता.

"अहो, पाठीवर केवढं भोक! कोणी केलं हे?"

दादा खोटं बोलणारे नव्हते. म्हणूनच त्यांनी पुन्हा डोळे मिटले. खरंच, कोणी केलं?

दंतवैद्य थांबले. घड्याळ बघितलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या मशिनवर बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेली.

"समजलं. तुम्ही भिडेपोटी बोलत नाही. आता या वयात त्यांचे हात थरथरणारच."

कारागीरकाका बावीस वर्षं त्या मशिनवर होते. त्यांनी चष्मा डबीत ठेवला, जेवणाचा डबा उचलला आणि चपला पायात सरकवल्या.

चपलांच्या आवाजाने दादांनी डोळे उघडले.

"काका, कुठे निघालात?"

"घरी. बावीस वर्षं पुरे झाली."

"मी जाळला! मी, मी!" दादा ओरडले. यावेळी आत वळायला सवडच नव्हती.

काका उंबऱ्यात थबकले. "तुम्ही कसे? इस्त्रीचं बटण मी फिरवलं होतं. लोकरीचा कोट आहे हे विसरून पार शेवटाला नेलं. तुम्ही डोळे मिटलेत, मला वाटलं, ओळखलंत."

"पण इस्त्री मी ठेवली ना!"

"तापवली मी!"

दंतवैद्य स्टुलावर बसले. "तीस वर्षं विचारतोय, चॉकलेटं कोण खातं? आजवर एकही जण 'मी' म्हणाला नाही. इथे दोघं भांडताहेत! ते राहू दे. संध्याकाळी मी काय घालू?"

दादांनी अंगातला स्वतःचा कोट काढून पुढे केला.

"बाह्या दोन बोटं आखूड आहेत," कोट अंगाला लावून बघत दंतवैद्य म्हणाले.

"आत कापड आहे, सोडता येईल," म्हणत काकांनी कोट त्यांच्या हातातून घेतला आणि मशिनवर जाऊन बसले.