दौलतभाऊजींचा मुआयना

दौलतभाऊजी वारले त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी ते आमच्या फाटकाशी आले, फाटकाची कडी हलवून पाहिली आणि परत गेले. दुपारी ते गेले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात तिरडी बांधून झाली. खांदा द्यायच्या आधी चौघांनीही आपापल्या बाजूची गाठ ओढून पाहिली. कुणी सांगितलं नव्हतं. मग एकानं बांबू दाबून पाहिला, तेव्हा दुसऱ्यानंही तो दाबून पाहिला. तिरडीची अशी तपासणी झालेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली. पण त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. न तपासता उचललं असतं, तर भाऊजी उठून बसले असते आणि ‘खारिज’ म्हणाले असते, अशी सगळ्यांनाच थोडी धास्ती होती.

भाऊजी माझे नात्याने कुणी नव्हते. माझ्या यजमानांचे ते मित्र आणि आदिलाबादजवळच्या मावल्यातले आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, गिरदावर म्हणून निवृत्त झाले. शेताची, बांधाची, पिकाची पाहणी करायची, म्हणजे आमच्याकडे अजून म्हणतात तसा ‘मुआयना’ करायचा, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले, पण मुआयना निवृत्त झाला नाही. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी दोनच प्रकारची होती: मंजूर आणि खारिज.

खुर्चीत बसण्याआधी ते ती उलटी करून पाहत. ऑटोत चढण्याआधी ऑटो हलवून पाहत, त्यामुळे आत आधीच बसलेली माणसं त्यांना ओळखून होती. देवळात घंटा वाजवण्याआधी साखळी ओढून पाहत. नार्नूरला एका लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबाला खांदा लावून पाहिला आणि अर्धा मांडव खाली आला. कापडाखालून वऱ्हाडी सरपटत बाहेर येत होते आणि भाऊजी समाधानाने म्हणत होते, “पाह्यलं? लोकं खाली बसले असते तं?” लोक खाली बसलेलेच होते.

त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नसे. कुणी चिडून बोलायला लागलं की ते शांतपणे उजवी बाजू पुढे करत. त्या लग्नात ते बराच वेळ उजवी बाजू पुढे करून उभे होते.

सरूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या तोवर हे सगळं जरा आवरून होतं. “बसा आता, खुर्ची मंजूर हाये,” असं त्या म्हणाल्या की ते बसत. त्या गेल्या आणि भाऊजींना थांबवणारं कुणी उरलं नाही. माझेही यजमान त्याच सुमारास गेलेले. मी शाळेतली मराठीची बाई, वाचत बसणारी. मी कुणाला काय थांबवणार?

माझी लेक शीतल पहिल्या बाळंतपणाला घरी आली, तेव्हा जावयांनी हैदराबादहून फोनवर एका लाकडी बिछान्याचा फोटो पाठवला. आईच्या पलंगाला जोडून ठेवायचा, तीन बाजूंना कठडा आणि चौथी बाजू खाली उतरवता येते. बाळ आईच्या शेजारी झोपतं, पण आपल्या अंथरुणात. मी फोन भाऊजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, “वैनी, फोटोचा मुआयना कसा करू मी?”

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत, हे आमच्याकडे पक्कं आहे. भाऊजींनाही ते मान्य होतं. पण पाहायला कुठे मनाई आहे? ते रोज जेवण झाल्यावर आदिलाबादच्या बाजारात जायला लागले. घरी आले की हकीकत सांगत. एका बिछान्याच्या दांड्यांमधून त्यांची मूठ आरपार गेली. “मूठ गेली तं डोस्कं फसन. खारिज.” दुसऱ्याची चाकं खटका लावूनही सरकत होती. तिसऱ्याची गादी इतकी मऊ होती की त्यांचा हात त्यात मनगटापर्यंत बुडाला आणि त्यांना लेकराची काळजी वाटण्याआधी हाताचीच वाटली.

गादीचं त्यांना दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. शीतलला तपासायला नेलं तेव्हा नर्स आम्हाला समजावत होती: बाळाला पाठीवर निजवायचं, गादी सपाट आणि कडक, अंथरुणात उशी, दुलई, बाहुली काही ठेवायचं नाही. भाऊजी डावा कान पुढे करून ऐकत होते.

“कडक म्हंजे कितीक कडक?”

“दाबून हात काढला की लगेच वर यायला पाहिजे,” नर्स म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांनी भेटेल ती गादी दाबली. दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यांची गादी ते झोपलेले असतानाच दाबली. ते गृहस्थ दचकून उठले आणि आपल्याला घरी सोडताहेत असं समजून चपला शोधायला लागले.

बाळ दिवस भरण्याच्या जरा आधीच झालं. मुलगी. वजन कमी होतं, म्हणून काही दिवस दवाखान्यात राहायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं की घरी नेल्यावर तिला आईच्या जवळ ठेवा, पण एका अंथरुणात नको. आई थकलेली असते, झोपेत भान राहत नाही. म्हणजे पोरगी घरी यायच्या आत बिछाना घरात हवा होता. आणि भाऊजींनी आतापर्यंत शहरातले सगळे बिछाने खारिज केले होते.

अशात नार्नूरहून विहीणबाई आल्या. येताना मोहरीची उशी, गोधड्या आणि छताला टांगायची झोळी घेऊन आल्या. त्या मनाने चांगल्या आहेत, पण आवाज मोठा आहे. लाकडी बिछान्याचं नाव काढताच त्यांनी विचारलं, आमची पोरं काय झोळीत वाढली नाहीत? भाऊजींनी उजवी बाजू पुढे केली. तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. “भाऊ, तुमी म्हने दुकानात जाऊन पाळने हालवता. रिकामा पाळना हालवू नये जी. लेकराचं पोट दुखते.”

हे मात्र भाऊजींना ऐकू गेलं. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी कितीतरी रिकामे बिछाने गदागदा हलवले होते आणि इकडे पोरगी दिवस भरण्याआधीच आली होती. मी समजावलं की या दोन गोष्टींचा काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काखेत एक गाठोडं घेऊन आले. जुन्या धोतराची पिशवी शिवून तिच्यात बाळाच्या वजनाएवढी ज्वारी भरली होती. वरच्या टोकाला सुतळी बांधून डोकं केलं होतं. आमच्याकडचं टोपरं आणि दुपटं मागितलं. ज्वारीला टोपरं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि तिला छातीशी धरून ते निघाले. आता पाळणा रिकामा राहणार नव्हता. विहीणबाईंना यात काही खोट काढता येईना. त्यांनी फक्त टोपऱ्याची गाठ नीट बांधून दिली.

मीही सोबत गेले, कारण बिछाना आजच घ्यायचा असं मी ठरवलं होतं. ऑटोत एका बाईनं बसायला जागा दिली आणि बाळ किती शांत आहे म्हणून कौतुक केलं. भाऊजी म्हणाले, “हो, तरास नाई देत.”

दुकानात गर्दी होती. भाऊजींनी ज्वारी एका बिछान्यात निजवली, पाठीवर. मग कठडा दोन्ही हातांनी धरला आणि नेहमीसारखा मुआयना सुरू केला. बिछाना हलला, ज्वारी या कडेची त्या कडेला गेली. भाऊजींनी तिला पायाकडून धरून उचललं आणि तिचं डोकं दोन दांड्यांच्या मधे दाबून पाहिलं.

मागे एक तेलुगू बाई “अय्यो, बिड्डा”, म्हणजे ‘अगं बाई, लेकरू’, म्हणून मटकन खाली बसली. दुकानदार गल्ल्यावरून धावत आला. “चाचा, बच्चे को क्या कर रहे?” म्हणत त्यानं ज्वारीचे पाय धरले. भाऊजींनी डोकं सोडलं नाही. त्या ओढाताणीत शिवण उसवली आणि बाळाच्या पोटातून ज्वारी सुरू झाली. ती भसाभसा पडत राहिली. दुकानदाराच्या हातात लंगोटाएवढं धोतर उरलं. खाली बसलेली बाई उठून उभी राहिली, कारण तिला आता जास्तच भीती वाटायला लागली होती.

“बच्चा नहीं है,” भाऊजी म्हणाले. “जोंधळा है.”

पुढचा बराच वेळ आम्ही दोघं, दुकानदार आणि ती बाई असे गुडघ्यांवर बसून ज्वारी वेचत होतो. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. भाऊजींना तो बिछाना प्रथमच खालून पाहायला मिळाला. त्यांनी खालचे स्क्रू पाहिले, पट्ट्या पाहिल्या, गादी खालून ठोकून पाहिली. मग बाहेर आले आणि गुडघे झटकले.

“मंजूर.”

दुकानदारानं आकाशाकडे पाहून हात जोडले.

घरी आणल्यावर दिसलं की माझा सागवानी पलंग उंच आहे आणि बिछाना वर घेऊनही दोन्ही गाद्या एका पातळीत येत नाहीत. बिछान्याखाली विटा लावू, असं विहीणबाई म्हणाल्या. विटा खारिज झाल्या. लेकराचं अंथरूण विटांवर डगमगतं ठेवायचं नाही. मी बाहेर वाचत बसले होते. भाऊजींनी येऊन काहीतरी विचारलं आणि मी पुस्तकातून मान वर न करता हो म्हटलं. थोड्या वेळानं आतून करवतीचा आवाज आला. मी जाईपर्यंत माझ्या पलंगाचे चारही पाय आखूड झाले होते. दोन्ही गाद्या मात्र अगदी एकसारख्या आल्या, मधे फट नाही. विहीणबाई पलंगावर बसून पाहायला गेल्या आणि त्यांना उठता येईना. आम्ही दोघांनी त्यांना ओढून उभं केलं.

पोरगी घरी आली. बाळंतिणीच्या खोलीत भाऊजी कसे येणार? ते दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच मुआयना केला. शीतलला पडायला सांगितलं. मग भिंतीला विचारलं, “हात पुरते का?”

“पुरते काका,” शीतल म्हणाली.

“न उठता?”

“न उठता.”

“कुठंसा पुरते? छातीवर का पोटावर?”

शीतलनं हात लांब केला. पोरगी पाठीवर झोपली होती. तिच्या छातीवर तो अलगद टेकला. “छातीवर,” ती म्हणाली.

बिछान्यासोबत पट्टे आले होते, ते बांधलेही होते. तरी भाऊजींनी पाठ न वळवता हात मागे केला. हातात सुती दोरी होती. पलंगाचा आणि बिछान्याचा पाय खालच्या बाजूनं, बाळाच्या अंथरुणापासून दूर, आणखी एकदा बांधायला सांगितलं. मला त्यांना हवी तशी गाठ येईना. तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावून, दाराच्या कडीवर दोरी घालून, मी शाळेत जसं शिकवते तसं समजावून गाठ शिकवली. बांधायची कशी आणि एका टोकाला ओढून सोडवायची कशी. मला लवकर जमलं नाही. ते रागावले नाहीत.

मी म्हटलं, “पट्टे असताना दोरी काऊन भाऊजी?”

ते दोरीकडेच पाहत होते. “सरूचा आवाज बसला होता ना शेवटी. अन् माझा हा कान असा. ती हाक मारे तं मले ऐकू येत नव्हती वैनी. मंग खाटेले खाट बांधली. ती हात लावे, मी उठे.” दोरीला एक हिसका देऊन म्हणाले, “खाटा सरकतात. हात पुरला पाह्यजे, बस.”

सरूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना भेटायला मी रोज जात होते. चादर खालपर्यंत लोंबलेली असे. खाली काय बांधलं आहे ते मला कधी दिसलं नव्हतं.

पोरगी बाळसं धरून हैदराबादला गेली. बिछानाही गेला. भाऊजी रोज सकाळी येऊन फाटकाची कडी हलवून पाहत आणि पोरीचं वजन विचारत.

मग तो गुरुवार. दुपारी माणसं त्यांना बाहेर आणायला आतल्या खोलीत गेली. खाट उचलायला गेली तर ती उचलली जाईना. शेजारची खाटही सोबत ओढली जात होती. दोन्ही खाटांचे पाय बांधलेले होते. दुसऱ्या खाटेवर गादी, धुतलेली चादर आणि उशी होती. सरूबाईंना जाऊन किती वर्षं झाली हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. गाठ कुणाला सुटेना. कुणीतरी दोरी कापायला विळा मागितला.

मी म्हटलं, थांबा. मी खाली बसले, एक टोक ओढलं आणि गाठ सुटली.

आता त्यांच्या घराला कुलूप आहे. माझा पलंग बुटकाच राहिला आहे. पायांचे कापलेले तुकडे पुस्तकांच्या कपाटाखाली आहेत. दोरी माझ्याकडे आहे. ती गाठ मला येते.