जमिनीतली किळवी

धुण्याच्या दगडापासून पाच हातांवर, नारळाच्या बुंध्याशी एक भोक होतं आणि त्या भोकातून गांधीलमाश्या ये-जा करत होत्या. शहाजी काळभोरने हे शनिवारी सकाळी पाहिलं आणि ओले कपडे खांद्यावर तसेच ठेवून तो अर्धा तास जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता. समोरून काही जायला-यायला लागलं की ते मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"नंदिता, सहा कमी पडतायत!" तो वर तोंड करून ओरडला.

"काय? मोजे?" गॅलरीतून बायकोने विचारलं.

"गांधीलमाश्या! चार मिनिटांत सत्तावीस बाहेर पडल्या आणि एकवीसच आत गेल्या. तीनदा मोजलं. दर वेळी बाहेर पडणाऱ्या जास्त. याचा अर्थ आत जायला कुठेतरी दुसरं दार आहे."

नंदिता चार पायऱ्या उतरली, तिने एक नजर टाकली आणि पाच पायऱ्या मागे गेली. अंगठ्याच्या पेराएवढ्या काळ्या माश्या, पोटावर नारिंगी पट्टा. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात तिच्या हाताखाली बारा जण होते. निर्णय घ्यायला तिला वेळ लागत नसे. फोनवर दहा मिनिटं वाचून तिने निर्णय सांगितला. "भोक बुजवायचं नाही. पाणी ओतायचं नाही. जाळायचं तर मुळीच नाही. पायाचा धक्का बसला तरी या घोळक्याने अंगावर येतात. लांब राहायचं आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. ते अंधार पडताना येतात, तेव्हा सगळ्या आत असतात."

शहाजीने दगडाच्या अलीकडे दोरी बांधली, तिला नंदिताची लाल ओढणी अडकवली आणि घरमालकिणीला सांगायला गेला.

घरमालकीण सकवारबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहत. वय एक्क्याऐंशी, मूळच्या तंजावरच्या, मराठी घरातल्या. तांबरममधल्या या घराचा वरचा मजला त्यांनी शहाजीला केवळ त्याचं नाव ऐकून भाड्याने दिला होता. "शहाजी म्हणजे अमच्या राजाचें नांव," त्या म्हणाल्या होत्या आणि दुसरी कसलीही चौकशी केली नव्हती. नंतर राजाचं तमिळ ऐकून मात्र त्यांनी दोनदा कपाळाला हात लावला होता.

"कुळवी ती," आजी म्हणाल्या. "तमिळांत कुळवी म्हणतात. वाईट चावते. तूं बघितलास, आंत किती अहेत?"

"शंभर तरी असतील. एक दारात पहाऱ्याला बसते, आजी. दुसरी आली की ती बाजूला सरते."

"पहारा?" आजींचे डोळे चमकले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळंच पाहायचं असे. "मज दाखव."

"दोरीच्या अलीकडूनच हं."

तोवर कुंपणापलीकडून वादिराज आले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या या शेजाऱ्यांच्या हातात पेट्रोलची बाटली होती. "शाजी सार, दोन मिनिटांचं काम. ओतायचं, काडी टाकायची, खलास."

"आणि दुसऱ्या दाराने बाहेर येतील त्या?"

"कुठे आहे दुसरं दार?"

"तेच सापडत नाही," शहाजी म्हणाला. वादिराज बाटली घेऊन झपझप घरी गेले.

"फोन आजींना करू दे," नंदिता म्हणाली.

शहाजीला हे लागलं. कारखान्यातल्या तमिळ वर्गाला तो सहा महिने जात होता आणि प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं. "एक फोन नाही करता येणार मला?" म्हणत त्याने दुपारभर मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि चारच्या सुमारास आपत्कालीन नंबर लावला.

आता, तमिळमध्ये गांधीलमाशी म्हणजे कुळवी आणि म्हातारी म्हणजे किळवी. फरक आपल्या कानाला पहिल्या अक्षराचाच. शहाजीची बाकीची वाक्यं जवळजवळ बिनचूक होती. चुकलं ते एवढं एकच अक्षर, आणि तेही दर वेळी.

"नमस्कार सर," तो तमिळमध्ये म्हणाला. "आमच्या अंगणात एक मोठी म्हातारी आहे."

"बरं," पलीकडचा माणूस म्हणाला.

"जमिनीत भोकात राहते. जवळ गेलं की चावते."

"भोकात? कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील. आज सकाळी लक्षात आलं."

"तुमची कोण लागते ती?"

"माझी कोणी नाही हो. जागा घरमालकिणीची आहे. शेजारी म्हणत होते, पेट्रोल ओतून पेटवू. मीच नको म्हटलं. तुम्ही अंधार पडताना या आणि औषध मारून संपवा. म्हणजे कुणाला त्रास नको."

"साहेब," पलीकडचा आवाज एकदम फार मऊ झाला, "तुम्ही काही करू नका. तिला हात लावू नका. पत्ता सांगा. आम्ही अंधाराची वाट पाहत नाही."

"बघ, किती तत्पर आहेत!" फोन ठेवून शहाजी नंदिताला म्हणाला.

अर्ध्या तासाने फाटकाशी पोलिसांची जीप थांबली. आतून महिला उपनिरीक्षक जयंती उतरली आणि तिच्या मागोमाग एक शिपाई. शिपायाच्या हातात फावडं होतं.

अंगणात त्या वेळी फक्त सकवारबाई होत्या. पहारेकरीण नीट दिसावी म्हणून त्यांनी लाकडी स्टूल दोरीजवळ ओढून घेतलं होतं, खबरदारी म्हणून डोक्यावरून पलंगाची मच्छरदाणी घेतली होती आणि त्या पुढे वाकून, जमिनीकडे एकटक पाहत बसल्या होत्या. पांढऱ्या जाळीतलं ते गाठोडं पाहून जयंतीचे पाय थबकले.

"पाटी," तमिळमध्ये आजीला मारतात तशी हाक मारून ती हळुवारपणे म्हणाली, "घाबरू नका. तुम्हाला बाहेर काढायला आलोय. त्रास देणारे ते कुठे आहेत?"

"आंत," बोट भोकाकडे करून सकवारबाई म्हणाल्या. "अस्के, सगळेच, आंत अहेत. शंभर."

जयंतीचा चेहरा पांढरा पडला. भोकाच्या बाजूने जाऊन अडकलेल्या म्हातारीला धरावं म्हणून ती दोरीला वळसा घालून, कोपऱ्यातल्या सुक्या झावळ्यांवरून निघाली. तिसऱ्या पावलाला झावळ्या करकरल्या आणि बूट घोट्यापर्यंत खाली गेला.

शहाजीला दिवसभर न सापडलेलं दुसरं दार सापडलं होतं.

आधी शिलाई मशीनसारखी घरघर आली, मग काळा ढग. शिपायाने फावडं टाकलं आणि तो जिन्याकडे पळाला, जयंती त्याच्यामागे. नंदिताने दोघांना आत ओढून दार लावलं. जयंतीच्या दंडावर एक डंख बसला होता आणि तिथलं कातडं बघता बघता टम्म फुगत होतं.

"पाटी बाहेर आहे!" ती ओरडली.

खिडकीतून दिसत होतं. सकवारबाई स्टुलावर बसलेल्या होत्या आणि मच्छरदाणीवर सात-आठ माश्या चालत होत्या. जाळी जिथे खांद्याला टेकत होती, तिथे एकीने पोटाचं टोक खाली वळवलं होतं.

शहाजीची कुतूहलाची हौस त्या क्षणी पार फिटली. एक डंख तरुण माणसाला आडवा करतो, तर एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईचं काय होईल? त्याने जाड रेनकोट चढवला, हेल्मेटची काच खाली ओढली, हातांत कारखान्याचे मोजे घातले.

"पळू नकोस," नंदिता म्हणाली. "हातवारे करू नकोस. हळू जा."

पंधरा पावलांना त्याला जन्म गेल्यासारखा वाटला. हेल्मेटवर टक टक आवाज होत होता. जवळ पोचल्यावर तो पुटपुटला, "आजी, हलू नका."

"मी कुठें हलतें?" जाळीतून उत्तर आलं. "मज वाटलें, तूं मला हलवायला येतोस."

त्याने जाळी खांद्यापासून अलगद सुटी केली, त्यांना मच्छरदाणीसकट दोन्ही हातांवर उचललं आणि तसाच पाऊल पाऊल टाकत घरात आणलं. दारातच नंदिताने जाळी बाहेर झटकून टाकली. सकवारबाईंना एकही डंख नव्हता. शहाजीला मनगटावर दोन होते, पण ते त्याला खुर्चीत बसल्यावर कळलं.

जयंती दंडावर बर्फ धरून त्याच्याकडे पाहत होती. ज्याच्यावर म्हातारीला औषध मारून संपवायचा संशय, त्याच माणसाने तिला आत्ता तान्ह्या मुलासारखं उचलून आणलं होतं. "तुम्ही फोनवर नेमकं काय म्हणालात?" तिने विचारलं.

शहाजीने वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. अंगणात एक मोठी किळवी आहे. भोकात राहते.

शिपाई भिंतीकडे तोंड करून हसू लागला. सकवारबाईंना समजायला एक क्षण जास्त लागला. मग त्यांनी शहाजीकडे मान वळवली. "काय रे राजा, तूं मज भोकांत घातलास? आणि मी चावतें?"

शहाजी कान धरून उभा राहिला. त्या खोखो हसत सुटल्या, इतक्या की नंदिताने त्यांना पाणी पाजलं.

अग्निशमनवाले दिवेलागणीला आले. या वेळी फोन आजींनी केला होता. अंगभर जाड पोशाख घातलेल्या दोघांनी दोन्ही दारांशी पूड मारली, तासाभराने जमीन उकरली आणि भोपळ्याएवढं, कागदासारखे पापुद्रे असलेलं घरटं वर काढलं. थर मोजायला शहाजीची मान आपोआप पुढे झाली. आजींची त्याच्याही पुढे होती. सात थर निघाले.

जयंतीची सूज तोवर उतरू लागली होती. श्वास नीट होता. निघताना तिने एक कागद पुढे केला. "तक्रार नोंदली गेली आहे, पाटी. वृद्ध महिलेचा छळ, अशी. तुम्ही सही करून काही त्रास नाही असं लिहून दिलंत की बंद होईल. नाहीतर दर शनिवारी कुणीतरी येऊन तुमची विचारपूस करायची, असा नियम आहे."

सकवारबाईंनी पेन हातात घेतलं. सही करता करता थांबल्या. "कोण येईल? तूंच?"

"मीच येईन."

"कॉफी पितेस?"

"पिते."

सकवारबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आज हात दुखतो. पुढें बघूं."

याला आता चार महिने झाले. दर शनिवारी सकाळी जीप येते, खाली पितळी पेल्यांत कॉफी होते आणि तासभर दोघींच्या गप्पा चालतात. शेवटी वर शहाजीला खालून हाक येते आणि त्याला वहीत सही करावी लागते. गेल्या आठवड्यात तो अगदी काकुळतीला आला होता. "आजी, आता तरी लिहून द्या की. कंपनी जर्मनीला पाठवतेय, पासपोर्टसाठी पोलीस चौकशी होईल."

"देतें रे. घाई काय आहे?" सकवारबाई म्हणाल्या आणि जयंतीच्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. "ह्याचें वागणें आतां बरें आहे, तेवढें लिही तूं."

जयंतीने गंभीर चेहऱ्याने वही उघडली आणि लिहिलं, 'वर्तणुकीत सुधारणा. पाहणी चालू ठेवावी.'