कागद दाखव, कारण नको

पहिल्याच भेटीत मर्सीताईने मला माझ्या गाईडच्या आवाजात झापलं.

माझ्या गाईडना ती कधी भेटलेलीसुद्धा नव्हती. मी किती महिने अडकलेय ते ऐकून तिने मला फक्त तीन प्रश्न विचारले. सर चहा पितात की कॉफी? चष्मा नाकावर असतो की कपाळावर? चिडल्यावर आवाज चढतो की उतरतो?

"चहा. कपाळावर. उतरतो," मी म्हटलं.

तिने आपल्या आईचा चष्मा कपाळावर चढवला, रिकामा कप फुंकून फुंकून प्यायली आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "वृषाली, सात महिने झाले. आपण नक्की काय करतोय?"

मी ताडकन उभी राहिले. "सर, लिहिणं चालू आहे!"

मर्सीताई हसता हसता ओट्यावर आडवी झाली.

वसईत केळीच्या वाडीत तिचं घर. वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं, म्हणजे बावखल, घराच्या मागेच. बावखलात वाढणारी चतुरांची, म्हणजे पाण्यावर भिरभिरणाऱ्या त्या लांब शेपटीच्या किड्यांची, पिल्लं हा तिचा पीएचडीचा विषय, आणि त्याचं सहावं वर्ष चालू होतं. आसपासच्या आम्हा अडकलेल्या पीएचडीवाल्यांना तिने कुठून कुठून हुडकून काढलं होतं. दर शनिवारी सकाळी तिच्या ओट्यावर हजेरी. मी आचोळ्याहून जायचे. माझा विषय तुळिंजच्या बाजारातल्या भाजीवाल्या. चांदीपचा नरेश भातशेतीच्या मातीवर काम करायचा, म्हणजे करतोय असं सांगायचा.

ताईचा नियम एकच: "कागद दाखव, कारण नको." तरी कारणं यायचीच. मग ती वहीत टिपून त्यांना नंबर द्यायची. "डेटा अजून पुरेसा नाही" हे कारण नंबर चार. नंतर नंतर नरेश ओट्याची पायरी चढतानाच ओरडायचा, "ताई, चार आणि नऊ!"

एकदा तो म्हणाला, "ताई, मांजर व्यायली. माझ्या नोट्सच्या खोक्यात."

ताईचे डोळे चमकले. हे कारण वहीत नव्हतं. पण तिचा विश्वास बसेना. तिने आम्हाला स्कूटरवर घातलं आणि तिघं थेट चांदीपला गेलो. खोक्यात खरंच चार पिल्लं होती, मातीच्या नमुन्यांच्या तक्त्यांवर गाढ झोपलेली. ताईने गंभीरपणे पाहणी केली, नरेशशी हात मिळवला आणि वहीत लिहिलं, "सत्तावीस. मंजूर." मग मांजरीची पाठ वळताच तिने अलगद तक्ते काढून घेतले आणि तिथेच त्याला लिहायला बसवलं.

माझ्यासाठी ती सलग चार शनिवार सर झाली. तिची आई दारातून डोकावून विचारायची, "आज कोण झालीय ही?"

"माझे सर," मी सांगायचे.

"कडक दिसतात," असं म्हणून ती आत जायची.

चौथ्या शनिवारी सर, म्हणजे ताई, तुच्छतेने म्हणाली, "भाजीवाल्या कुठेही बसतात. त्यात संशोधन कसलं?"

माझं डोकंच फिरलं. "कुठेही नाही बसत! एक मावशी दवाखान्याच्या जिन्यासमोरची जागा पावसातही सोडत नाही. आजारी पोराला घेऊन उतरणाऱ्या बाईला बाजारभर फिरायला वेळ नसतो, हे तिला माहितीये. पोराच्या पेजेसोबत काय चालेल हेसुद्धा तीच सांगते. हे शहाणपण नाही तर काय?"

चष्मा कपाळावरून घसरून ताईच्या मांडीवर पडला. "लिही! आत्ता! हेच, असंच!"

त्या ओट्यावर मी चार पानं लिहिली. आठ महिन्यांतली पहिली.

सोमवारी सरांनी ती वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?" ते इतके हुबेहूब मर्सीताईसारखे बोलले, की मी फिस्सकन हसले. सर बावरून स्वतःच्या शर्टाकडे बघायला लागले.

तशीच पेढे घेऊन वसईला धावले. ताई नाचलीच. आईला नाचवलं, मलाही. दम लागून आम्ही ओट्यावर बसलो, तेव्हा मी सहज विचारलं, "ताई, तुझं कुठवर आलं?"

तिने हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या गाईड तीन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या. नवे सर चतुर म्हटल्यावर 'छान' म्हणतात आणि सही करतात. तेव्हापासून हे कोणी विचारलंच नाही गं."

दर शनिवारी आम्ही आमची रडगाणी घेऊन यायचो, तिचे पोहे खायचो आणि निघून जायचो.

"मला दे वाचायला," मी म्हटलं.

"तुला नाही कळणार."

"दे."

ती आतून चौथा चॅप्टर घेऊन आली. कोपरे नीट टाचलेले, पण वरचा कागद पिवळा पडलेला. "माझ्यासमोर नको वाचूस," म्हणाली आणि नळी घेऊन वाडीत गेली. मी पाऊण तास वाचत होते. तेवढा वेळ ती एकाच केळीला पाणी घालत होती. केळीभोवती तळं झालं, तिच्या चपला बुडाल्या, तरी तिची पाठ माझ्याकडेच.

शेवटी मी हाक मारली, "ताई, दुसरा परिच्छेद नाही कळला."

ती गर्रकन वळली. नळीचं पाणी स्वतःच्याच पायांवर उडालं.

"म्हणजे पहिला कळला?" तिने विचारलं.