खिडकीजवळचे आरक्षण

‘आई, तुझं शिलाई मशीन जरा हलवशील का? खिडकीपाशी मला वाचायला बसायचंय.’ एवढे बोलायचा धीर होईना, म्हणून पट्टीसाहेबांनी अखेर अख्ख्या घराचा विकास आराखडा तयार केला.

पट्टीसाहेब नगररचना खात्यात होते. खिशात सदैव पट्टी, म्हणून हे नाव. पेन्सिलीच्या एका फटक्यात त्यांनी बाजार हलवले होते, वस्त्या नदीपलीकडे नेल्या होत्या. पण त्या वस्त्यांत त्यांची आई राहत नव्हती.

आराखड्यात स्वयंपाकघर औद्योगिक क्षेत्र झाले आणि गॅलरी हरित पट्टा. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात माणसे एकमेकांवर आदळतात, म्हणून तिथे एकेरी वाहतूक, फक्त आत जाण्यासाठी. खिडकीचा कोपरा ‘शैक्षणिक वापरासाठी राखीव’, आणि त्यावरचे शिलाई मशीन ‘अतिक्रमण’. साहेबांनी आराखडा फ्रिजच्या दारावर लावला आणि हाताच्या सवयीने खाली लिहून टाकले, ‘हरकती व सूचना रविवारपर्यंत द्याव्यात.’ हे वाक्य कचेरीतल्या प्रत्येक आराखड्याखाली असे. आलेल्या हरकती एका लोखंडी कपाटात जात, आणि पुढचे त्या कपाटालाच ठाऊक.

त्या संध्याकाळी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले होते, आणि बायको भाजीचे पातेले घेऊन प्रकटली ती झोपायच्या खोलीतून.

“अगं, इकडून कुठून?”

“गॅलरीतून खोलीत, खोलीतून इथे. तुमच्या बोळात उलट यायला मनाई आहे ना? वाटेत तुमच्या उशीवर थोडी सांडली. औद्योगिक सांडपाणी समजा. आणि चमचे आत राहिलेत. हवे असतील तर जा, पण येताना फिरून या.”

“पहिल्या टप्प्यात थोडी गैरसोय होतेच,” साहेब म्हणाले. कचेरीतही ते हेच म्हणत. फक्त तिथे समोर कुणी डाव हातात घेऊन उभे नसे.

“आणि मी अतिक्रमण का रे?” आईने तोंड उघडले. “तू रांगत होतास तेव्हापासून हे मशीन तिथं आहे. तुझी पहिली चड्डी त्यावर शिवलीय.”

साहेबांची लेक कायद्याचा अभ्यास करत होती. तिचे डोळे चमकले. “आजी, तुझं वकीलपत्र माझ्याकडे. रविवारी सुनावणी!”

रविवारी टेबल पुसून सुनावणी सुरू झाली.

“मशीन जुनं आहे,” लेक म्हणाली. “घराण्याचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे. म्हणजे ती वारसा वास्तू. तिला हात लावता येणार नाही.”

“वास्तू कसली, यंत्र आहे ते,” साहेब पुटपुटले.

“नोंद घेतली,” लेक म्हणाली आणि कसलीही नोंद घेतली नाही.

मग बायकोची मागणी आली. बोळ रुंद करा, म्हणजे दोन्हीकडून जाता-येता येईल. साहेबांना हायसे वाटले. निदान एक तरी मागणी शास्त्राला धरून होती. त्यांनी उत्साहाने पट्टी काढून स्वतःच बोळ मोजला. तो अरुंद होता एकाच कारणाने. भिंतीला लागून साहेबांच्या पुस्तकांचा रॅक उभा होता.

“रस्तारुंदीत जातोय,” बायकोने निकाल दिला.

“अहो, कॉलेजपासूनची पुस्तकं आहेत ती!” घाबरल्यावर साहेब बायकोलाही अहो म्हणत.

“बाबा, प्रकल्पग्रस्तांनी भावनिक होऊ नये,” लेक म्हणाली. हे वाक्य साहेबांचेच होते.

रॅकचे पुनर्वसन हरित पट्ट्यात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठरले.

“मला माझं म्हणणं मांडायचंय,” साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

“लेखी दे हो,” आई म्हणाली. “कपाटात ठेवू.”

संध्याकाळी साहेब गॅलरीत स्टुलावर पुस्तक उघडून बसले. शेजारी धुलाईयंत्र गरगरत होते, आणि पानावरची अक्षरे जागच्या जागी थरथरत होती. आई चहा घेऊन आली.

“त्या कोपऱ्यासाठीच केलंस ना रे हे सगळं?”

साहेबांनी मान खाली घातली.

“अरे वेड्या, मला त्या मशीनची सुईसुद्धा दिसत नाही आता. तू तिथं बसावंस म्हणून देऊनच टाकणार होते मी ते.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग उद्याच...”

“आता कसं देणार?” आई हळहळली. “वारसा आहे म्हणे तो. हात लावता येत नाही.”

“आराखडा आता वीस वर्षांनी बदलेल, बाबा!” आतून लेकीचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाऊल टाकताच साहेबांनी शिपायाकडे हरकतींच्या कपाटाची किल्ली मागितली. शिपाई आ वासून बघत राहिला.

“किल्ली कुठली साहेब? वर फट आहे, तिथून आत टाकतो आपण. बाहेर काढा असं आजवर कुणी म्हणालंच नाही.”

साहेब कपाटापाशी गेले. मग स्टूल ओढून त्यावर चढले, खिशातून पट्टी काढली आणि फटीत घालून एखादी तरी हरकत वर येते का, ते बघू लागले.