दफनभूमीच्या चढावरचा कंट्रोलर

क्लाइव्ह पेंगेलीची विजेवरची तीनचाकी सलग तिसऱ्या शनिवारी दफनभूमीच्या फाटकासमोर बंद पडली, तेव्हा मागच्या सीटवरून त्याची बायको मर्ल म्हणाली, "जागा तरी झकास निवडतोस हं."

नजर अधू झाली म्हणून क्लाइव्हचं लायसन्स गेलं होतं. बायकोला दुसऱ्याच्या गाडीसाठी ताटकळावं लागू नये म्हणून त्याने लायसन्स न लागणारी ही तीनचाकी स्वतःच्या हाताने बनवली. चाळीस वर्षं रेल्वेत फिटर होता, काम चोख होतं. रडायचा तो फक्त कंट्रोलर. बॅटरीची वीज मोटारीला मोजून देणारा हा डबा ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या जानेवारीतल्या भर उन्हाळ्यात, चढावर तापायचा आणि स्वतःचा जीव वाचवायला वीजच तोडायचा. मग अर्धा तास रस्त्यात उभं राहायचं. तेवढ्यात मर्लच्या क्लबातल्या व्हर्नाची एसी गाडी हमखास शेजारी येऊन थांबायची.

"येतेस का गं मर्ल?"

मर्ल गोड हसून नको म्हणायची आणि गाडी दिसेनाशी झाली की क्लाइव्हला फैलावर घ्यायची.

पुढच्या शनिवारी मात्र टेकडीच्या माथ्यावरच्या क्लबात लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर नेमके गोळे घरंगळवायच्या खेळाचा, अंतिम सामना होता. मर्ल विरुद्ध व्हर्ना. दुपारी तीनला जी हजर नसेल ती हरली, असा नियम.

"उशीर झाला ना, तर ही तीनचाकी भंगारात जाईल," मर्लने बजावलं. "आणि व्हर्नाच्या गाडीत बसायचं नाव काढू नकोस."

क्लाइव्ह कामाला लागला. धूळ बसू नये म्हणून त्याने कंट्रोलर एका झाकणवाल्या लाकडी पेटीत, मर्लच्या पायांशी बसवला होता. पेटीला पॉलिशचे चार हात दिले होते. आधी त्याने पेटीत ओला टॉवेल कोंबला, तर हॉर्न आपोआप वाजायला लागला. मग कॉम्प्युटरचा पंखा लावला. त्याने गावातली सगळी लाल माती आत ओढून घेतली. शुक्रवारी क्लबच्या सोडतीत त्याला बक्षीस म्हणून मांसाचा ट्रे लागला, आणि क्लाइव्हचे डोळे चमकले.

शनिवारी सव्वादोनला गॅरेजमध्ये तो दगडासारखी गोठलेली सॉसेज आणि मटणाचे चॉप्स प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कंट्रोलरभोवती रचत होता.

"अरे, ते आठवड्याचं जेवण आहे आपलं!"

"जेवूच की. आधी जरा कामाला लावतो."

पहिला अर्धा चढ तीनचाकी झोकात चढली. बाहेर एक्केचाळीस अंश होते.

"उघडून बघ, अजून गार आहे का?" क्लाइव्ह म्हणाला.

मर्लने झाकण उचललं मात्र, तारेवरून कूकाबरा नावाचा एक दांडगा पक्षी झेपावला आणि सॉसेज घेऊन पसार झाला. ती दचकली आणि हातातलं झाकण रस्त्यावर पडलं. मांसाचा वास सुटला. आधी एक कुत्रं मागे लागलं, मग चार.

"चॉप्स फेक त्यांच्यापुढे!"

"आणि तुझा कंट्रोलर?"

"आधी कुत्री बघ!"

मर्लने बोल्सच्या सरावलेल्या हाताने एकेक चॉप असा टाकला, की बरोबर एकेका कुत्र्याच्या पुढ्यात. दफनभूमीचं फाटक दिसू लागलं तेव्हा पेटी रिकामी होती. क्लाइव्हने श्वास रोखला. फाटक आलं, फाटक मागे पडलं, तीनचाकी चढतच राहिली. उघड्या कंट्रोलरला वारा लागत होता. इतके दिवस त्याला भाजून काढत होती ती आपलीच पॉलिश केलेली पेटी, हे क्लाइव्हला उमगलं आणि त्याने ते पोटातच ठेवलं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ते क्लबात पोचले. दारावर कागद चिकटवला होता: 'पारा अडतीसच्या वर गेल्याने आजचा सामना रद्द. आता उद्या सकाळी सात वाजता.'

"मी दोनदा फोन केला गं," व्हर्ना म्हणाली. "घरी उचललाच नाही कुणी."

"सातला हवा गार असते," क्लाइव्ह हुरूपाने म्हणाला. "तेव्हा तर आपली तीनचाकी..."

मर्लने त्याच्याकडे पाहिलं.

"सोडू का घरी?" व्हर्नाने विचारलं. "एसी चालूच आहे."

मर्लच्या केसांत कूकाबराचं पीस होतं, हाताला मांसाचा वास येत होता. तिने एकदा तीनचाकीकडे पाहिलं.

"पुढे बसते हं," ती व्हर्नाला म्हणाली. "मागे बसून जीव विटलाय."

गाडी क्लाइव्हच्या शेजारून खाली गेली. काचा बंद होत्या, पण आत दोघी खदखदून हसताना दिसत होत्या. क्लाइव्ह एकटाच मागून निघाला. सगळा उतार होता, मोटारीला काही कामच नव्हतं. घरी पोचेपर्यंत कंट्रोलर अगदी गार राहिला.