ऑटरशॉबाई तसं म्हणाल्याचं कळतं

थिर्केटलसर म्हणतात की ते व्हिटबी या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावातले सर्वांत तल्लख गुप्तहेर आहेत. 'म्हणतात' हे क्रियापद माझं. त्यांच्या मते मी 'कबूल करतात' असं लिहायला हवं, कारण एवढी बुद्धी बाळगणं हा गुन्हाच आहे. दिवसा ते परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी व्याकरण शिकवतात: कोण काय म्हणालं ते तिसऱ्याला कसं सांगावं. मी त्यांचा मदतनीस. फळा पुसतो आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर त्यांना चहा पाजतो.

यंदाचं प्रकरण माझंच होतं. घरमालकीण ऑटरशॉबाई मला खोलीतून काढणार, असं खाटकाने मला सांगितलं. ऐन ऑगस्टात, पर्यटकांच्या गर्दीत, व्हिटबीत दुसरी खोली शोधणं म्हणजे सीगल पक्ष्यांकडे पोटभाडेकरू म्हणून राहणं.

"बाईंनाच विचारू का?" मी म्हणालो.

सरांचा चहा हिंदकळला. "थेट? एडविन, आपण सुसंस्कृत माणसं आहोत."

तपास सुरू झाला. खाटकाच्या मते बाई तसं 'म्हणाल्या'. पोस्टातल्या बाईंच्या मते ऑटरशॉबाईंनी 'बजावलं'. पाद्रीबाबांच्या मते 'धमकावलं', आणि तेही चर्चमध्ये. सरांनी निष्कर्ष काढला की बाईंपासून दूर जावं तशी क्रियापदं तापतात. म्हणजे मुळाशी सगळं थंडगार असणार. म्हणजे बाई वारल्या. बाई अंगणात चादरी वाळत घालताहेत, हे मी नजरेस आणून दिलं. मग सरांनी सांगितलं की बाई खाटकाशी लग्न करणार आणि माझ्या खोलीत सॉसेज टांगणार. हे मला पटू लागलं, याचंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी हकालपट्टी वर्गाला सरावासाठी दिली. सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली. पोलंडच्या हलीनाने नाही. संध्याकाळी ती सरळ आमच्या दारात आली, घंटा वाजवली आणि बाईंना विचारलं, "याला का काढताय?"

आम्ही दोघे जिन्यात थिजलो.

कुणीतरी एकदाचं थेट विचारलं म्हणून बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या उंबऱ्यावरच बसल्या. याच्या खोलीत रोज संध्याकाळी चहाच्या ओल्या पिशव्या खिडकीच्या कडेवर ठेवल्या जातात, नव्या पांढऱ्या रंगावर डाग पडलेत, असं त्यांनी सांगितलं.

"मग त्याला बोलला नाहीत?"

"बोलले की. म्हटलं, खिडकी किती छान दिसायची नाही?"

मला आठवलं. मी त्यांचे आभार मानले होते. पण मी तर कॉफी पितो. आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातात एक टपकणारी पिशवी होती आणि ती ठेवायला ते जागा शोधत होते.

"तू राहा, बाळा," बाई मला म्हणाल्या. एवढं स्पष्ट बोलल्यामुळे त्या लाल झाल्या होत्या. मग हलीनाकडे वळून हळूच म्हणाल्या, "यांना मात्र जायला सांग."

"काय म्हणाल्या त्या?" सरांनी विचारलं.

"त्यांनी तुम्हाला निघून जायला सांगितलंय," हलीना म्हणाली.

"अचूक!" सर गहिवरले. तिला पूर्ण गुण दिल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि आणखी एक कप चहा घ्यायला वर गेले.